डार्ट, दुर्बीण आणि गुरुत्वाकर्षण

2019 च्या फेब्रुवारीत टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. पुढे ‘वॉकर’ म्हणून गाजलेला हा वाघ हिंगोली जिल्ह्याच्या शिवारांतून वाट काढत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अशी कॉलर बसवायची तर आधी वाघाला भूल द्यावी लागते. त्यासाठी औषधाने भरलेला डार्ट पुठ्ठ्याच्या किंवा खांद्याच्या मांसल भागातच बसायला हवा. पोटात किंवा डोक्यात घुसला तर जनावर दगावू शकतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला. रायफलीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, मात्र डार्ट रायफलीवर आजही लागते. तिथे तिचं काम जास्त अवघड आहे.

कारण वेगात आहे. गोळी सेकंदाला 600 मीटर वेगाने सुटली, तर 100 मीटर जाईपर्यंत ती साधारण 14 सेंटिमीटर खाली येते. डार्ट गॅसच्या दाबावर उडतो. त्याचा वेग सेकंदाला 60 मीटर धरला, तर अवघ्या 30 मीटरला त्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेलं असतं. डार्ट कमान घेत येतो आणि ठरलेल्या अंतरावर त्या रेषेला मिळतो. हे अंतर जुळवणं म्हणजेच रायफल ‘झिरो’ करणं. अंतर बदललं की गॅसचा दाबही बदलावा लागतो.

मग स्कोप कोणता घ्यावा? जास्त मोठं दाखवणारा चांगला, हा समज इथे उलटा पडतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. 32 मिलिमीटर भिंग आणि चारपट वर्धन असेल तर हा झोत 8 मिलिमीटरचा. अंधारात माणसाची बाहुली जेमतेम 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे तिन्हीसांजेलाही प्रकाश पुरेपूर मिळतो. तेच भिंग दहापट वर्धनाला लावलं तर झोत 3.2 मिलिमीटरवर येतो. दृश्य काळवंडतं, आवाका आक्रसतो आणि झुडपाआडून सरकणारा वाघ भिंगात सापडतच नाही.

स्कोप बसवणं हेही तितकंच नाजूक काम. रायफल पक्की टेकवून, समोर ओळंबा टांगून, स्कोपमधली उभी रेघ त्याच्याशी जुळवतात. मग स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, सारख्या जोराने आवळतात. ही रेघ उभी असेल तरच नेम धरताना हात कलल्याचं लक्षात येतं. रायफल स्कोपसकट 5 अंश कलली, तर 100 मीटरवरची गोळी बाजूला सरकते जेमतेम सव्वा सेंटिमीटर, पण 30 मीटरवरचा डार्ट 10 सेंटिमीटरहून जास्त चुकतो.

डार्टमध्ये औषध किती, यावर त्याचं वजन ठरतं, आणि वजन बदललं की कमानही बदलते. त्यामुळे सराव तेवढंच पाणी भरलेल्या डार्टने करावा लागतो. एवढं सगळं जमलं तरी स्कोप डार्टचा पल्ला वाढवत नाही. लांबचा वाघ त्यातून जवळ दिसतो, पण डार्टच्या टप्प्यात येईपर्यंत माणसालाच पुढे जावं लागतं.