शीत कोणत्या बाजूचे?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. आई पातेल्यातले एक शीत बोटांनी दाबून पाहते आणि भात शिजला की नाही ते सांगते. एका शितावरून हजारो शितांविषयी बोलता येते, कारण पाणी आणि उष्णता सगळ्या भाताला जवळजवळ सारखीच मिळालेली असते. पण समजा, वनभोजनाला गेल्यावर तीन दगडांच्या चुलीवर मोठे पातेले चढवले आहे आणि जाळ एकाच बाजूला लागतो आहे. अशा वेळी हाताला सहज लागणारे शीत तेवढे दाबून पाहिले, तर परीक्षा ‘उत्तम शिजला’ अशी होईल आणि निम्म्या मुलांच्या पानात कच्चा भात पडेल.

वैद्यकशास्त्रात नेमकी अशीच एक चूक घडली. तिचा त्रास कितीतरी आयांना सोसावा लागला.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर हे मुलांचे मनोविकारतज्ज्ञ काम करीत. १९४३ साली त्यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. ही मुले आपल्यातच रमत, हाक मारली तरी वळून पाहत नसत आणि रोजच्या क्रमात थोडा जरी बदल झाला तरी अस्वस्थ होत. मात्र त्यांच्यापैकी काहींची स्मरणशक्ती विलक्षण होती. या अवस्थेला ऑटिझम हे नाव मिळाले. मराठीत आपण तिला स्वमग्नता म्हणतो. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. अशा मुलांच्या मेंदूची वाढ जन्मापूर्वीपासूनच थोड्या वेगळ्या वाटेने होत असते. कोणाला आयुष्यभर आधार लागतो, तर कोणी महाविद्यालयात शिकवतो.

कॅनर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. या मुलांचे आईवडील जवळजवळ सर्वच उच्चशिक्षित होते. आता जरा विचार करा. त्या ११ जणांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील एका छोट्या गावचा होता. त्याचे वडील वकील होते. १९३८ साली त्यांनी मुलाविषयी ३३ पानांचे पत्र आधी डॉक्टरांना पाठवले आणि मग इतका लांबचा प्रवास करून ते त्याला बाल्टिमोरला घेऊन गेले. त्याच गावातल्या एखाद्या शेतमजुराचे मूल स्वमग्न असते, तर ते कॅनर यांच्यापर्यंत कसे पोहोचले असते?

हे एका काल्पनिक गणिताने पाहू. एका प्रांतात १०० स्वमग्न मुले आहेत. त्यांतील ३० सुखवस्तू, सुशिक्षित घरांतली आणि ७० इतर घरांतली. तज्ज्ञ डॉक्टर दूर राहतात आणि त्यांची फी मोठी आहे. पहिल्या ३० पैकी २० मुले त्यांच्याकडे पोहोचतात, पण ७० पैकी जेमतेम १०. डॉक्टर आपली वही उघडून पाहतात तर ३० पैकी २० मुले, म्हणजे दोन-तृतीयांश, सुशिक्षितांची! प्रत्यक्षात हे प्रमाण एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. वहीत खोटे असे एक अक्षरही नाही. तरीही निष्कर्ष चुकतो, कारण वहीत कोण आले हे आजाराने ठरवले नसून प्रवासखर्चाने ठरवले आहे. संख्याशास्त्रात याला नमुनानिवडीतील पक्षपात म्हणतात.

पुढे काहींनी या चुकीच्या पायावर इमला चढवला. शिकलेल्या, ‘थंड’ स्वभावाच्या आया मुलांना माया देत नाहीत म्हणून मुले अशी होतात, असे सांगितले जाऊ लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून हे मत गाजवले. आधीच चिंतेत असलेल्या आईला ‘दोष तुझाच’ असे सांगणे किती निष्ठुर होते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. चूक सिद्ध करायला मात्र शास्त्रज्ञच लागले. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. म्हणजे कारणांचा शोध आईच्या स्वभावात घेण्याऐवजी आनुवंशिकतेत घ्यायला हवा होता.

आणि शिक्षणाचे काय? ते कोडे लंडनच्या लॉर्ना विंग यांनी सोडवले. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल हा एक भागच निवडला आणि तिथल्या सुमारे ३५ हजार मुलांमधून अशी मुले शोधून काढली. तेव्हा स्वमग्नता गरीब-श्रीमंत सर्व घरांत सारखीच आढळली. १९८० साली विंग यांनी हे प्रसिद्ध केले.

तुम्ही म्हणाल, हा तर इतिहास झाला. पण हाच प्रश्न आज दुसऱ्या वेषात उभा आहे. आता संशोधक मुलाच्या आणि आईवडिलांच्या जनुकांची तुलना करतात. दोघांतही नसलेला एखादा बदल मुलात दिसला, तर तो महत्त्वाचा असू शकतो. पण कोणता बदल दुर्मीळ आणि कोणता नेहमीचा, हे कळायला निरनिराळ्या वंशांच्या पुष्कळ लोकांची माहिती हाताशी लागते. तशी ती नाही. २०१९ साली केलेल्या मोजणीत, जनुके आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या पाहण्यांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १६ टक्केच आहे!

यामुळे काय बिघडते याचे उदाहरण हृदयविकारात घडले आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेत काही कृष्णवर्णीयांची जनुके तपासली गेली. त्यांच्यात सापडलेले काही बदल घातक ठरवण्यात आले. २०१६ साली उघड झाले की, हे बदल कृष्णवर्णीय निरोगी लोकांतही बरेच आढळतात आणि निरुपद्रवी आहेत. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक टळली असती. पुन्हा तेच, एका बाजूचे शीत!

मग इतर कुटुंबे संशोधनात का येत नाहीत? ‘त्यांना रस नाही’ हे उत्तर सोपे आहे आणि माझ्या मते आळशीही. संशोधन चालते मोठ्या विद्यापीठांत. तिथे दिवसभर मूल घेऊन जायचे तर मजुरी बुडते. अर्ज इंग्रजीत असतो आणि घरात स्पॅनिश बोलली जाते. शिवाय स्वमग्न मुलांच्या पाहणीत नाव घालायला आधी निदान झालेले असावे लागते. अमेरिकेतील ५८४ कृष्णवर्णीय स्वमग्न मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वेळी मुलांचे वय सरासरी पाच वर्षांहून अधिक होते. आईवडिलांना पहिली शंका आल्यापासून तोवर तीन वर्षांहून जास्त काळ निघून गेला होता.

आणखी एक कारण आहे अविश्वासाचे, आणि तो अकारण नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. त्यांना खरी माहिती दिली नाही आणि पेनिसिलिन हाती आल्यावरही ते दिले नाही. ही हकिगत ज्या घरांत सांगितली जाते, तिथे अनोळखी संशोधकाचे पत्र केराच्या टोपलीत गेले तर नवल कसले?

म्हणून काही संशोधकांनी आपला मोर्चा वस्तीतल्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याकडे वळवला आहे. अमेरिकेत मूल अडीच वर्षांचे होईपर्यंत आजारी नसतानाही दहाहून अधिक वेळा तपासणीला न्यावे, अशी पद्धत आहे. १८ आणि २४ महिन्यांच्या भेटीत स्वमग्नतेची चाचपणी करावी, अशी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे. मूल बोट दाखवून वस्तू मागते का, नाव घेतल्यावर पाहते का, असे २० प्रश्न असलेला एक कागद त्यासाठी वापरतात. इथे गरीब-श्रीमंत, सर्व वंशांची मुले येतात आणि डॉक्टर ओळखीचे असतात. शंका आली की पुढच्या तपासणीची वाट दाखवता येते आणि तिथेच संशोधनाची माहितीही देता येते. घरची भाषा बोलणारा माणूस हजर असला तर उत्तमच.

नमुना घेणेही आता सोपे झाले आहे. २०१६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या प्रकल्पात रक्ताऐवजी लाळ घेतात. गालातील पेशी लाळेत मिसळलेल्या असतात आणि त्यांत जनुके असतात. नळी टपालाने घरी येते आणि टपालानेच परत जाते. या प्रकल्पात एक लाखाहून अधिक स्वमग्न व्यक्तींनी नावे नोंदवली आहेत.

पण डॉक्टरांच्या ओळखीला दुसरी बाजूही आहे. ‘आपल्या डॉक्टरांना नाही कसे म्हणायचे?’ या भिडेने दिलेली संमती खरी संमती नव्हे. म्हणून संमतीपत्र डॉक्टरांऐवजी दुसऱ्या कोणी समजावून सांगणे चांगले. नकार दिला तरी उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हेही स्पष्ट सांगावे लागते. शिवाय सगळेच दवाखाने तयार नसतात. २०१३ साली कॅलिफोर्नियातील बालरोगतज्ज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी दहांतला एकच जण मुलाच्या वाढीची आणि स्वमग्नतेची अशा दोन्ही चाचण्या शिफारशीप्रमाणे स्पॅनिशमधून देत होता.

तरीही चित्र बदलते आहे. अमेरिकेतील आठ वर्षांच्या मुलांच्या सरकारी मोजणीत पूर्वी गोऱ्या मुलांत स्वमग्नता जास्त दिसे. २०२० सालच्या मोजणीत प्रथमच कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक आणि आशियाई वंशाच्या मुलांत तिचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा अधिक भरले. रोग पसरला असे समजू नका. आधी न मोजलेली मुले आता मोजली जाऊ लागली, हे त्यामागचे मोठे कारण आहे. मात्र ‘आशियाई’ या एका रकान्यात न्यू जर्सीतले मराठी कुटुंब, चिनी कुटुंब आणि फिलिपिनो कुटुंब अशी सगळीच येतात. त्यांची शिते अजून वेगळी काढलेली नाहीत.