सराव कमी पडला, तरी घाट चढता येईल?

समजा तुमच्या घरातल्या तरुणाने डोंगरातल्या सायकल शर्यतीसाठी नाव दिले आहे. फी भरून झाली. रोज पहाटे उठून घाट चढायचा बेत होता. पण काढणी आली, मजूर मिळेनात, आणि सायकल पडवीतल्या भिंतीला टेकून राहिली. आता शर्यत दहा दिवसांवर आली. पोराच्या पोटात गोळा येतो. आई म्हणते, जाऊ नकोस. मित्र म्हणतात, आता माघार कसली? अशा वेळी काय करावे?

याचे उत्तर शोधायला जरा दूर, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जाऊ. तिथे लेडव्हिल हे खाणकामगारांचे गाव सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ते गावच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच! १९८२ साली तिथली क्लायमॅक्स ही मोठी खाण बंद पडली आणि हजारो माणसांचा रोजगार गेला. केन क्लौबर नावाच्या खाणकामगाराने गावात पाहुणे यावेत, चार पैसे यावेत म्हणून १९८३ साली १०० मैल धावण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून तिथे डोंगरी सायकलींचीही शर्यत होते. अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे तेही १०० मैलच. वाटेतले सर्वांत उंच ठिकाण सुमारे ३,८०० मीटरवर. जो १२ तासांच्या आत परत येतो, त्याला कमरेच्या पट्ट्याचे बक्कल बक्षीस मिळते. त्या बक्कलासाठी माणसे वर्षभर कष्ट घेतात.

या शर्यतीत जाणाऱ्या वाटेनेच परत यायचे असते. जाताना एक भला मोठा उतार लागतो, त्याला पॉवरलाइन म्हणतात. सकाळी तो झर्रकन संपतो. परतताना मात्र सव्वाशे किलोमीटर पाय झिजल्यावर तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. भलेभले तिथे सायकलवरून उतरतात आणि ढकलत वर जातात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सकाळी जोशात ताकद उधळली की दुपारी त्याची वसुली होते. ज्याचा सराव कमी, त्याने हे आधी मनात ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. शेवटच्या दहा दिवसांत जीव तोडून सायकल हाणली तर बळ वाढत नाही, थकवा मात्र वाढतो. शरीराला सराव अंगी लागायला कित्येक आठवडे जातात. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? तेव्हा दोन-चार हलक्या फेऱ्या माराव्यात, झोप पुरी घ्यावी आणि सायकल नीट करावी. ब्रेकचे गुटके, चेन, टायर तपासावेत. पंक्चर काढायचे सामान, पंप आणि एक ट्यूब बरोबर असावी.

शेतात राबणाऱ्याचे अंग काटक असते, ही जमेची बाजू. पण तासन् तास सीटवर बसून पायडल मारणे हे निराळे काम आहे. म्हणून आजवर जितके अंतर सलग चालवले, त्याच्या दुपटीहून शर्यत लांब असेल, तर संयोजकांना विचारून लहान पल्ल्याला नाव बदलून घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते इथेही खरे.

शर्यतीच्या दिवशी पहिला तास सर्वांत अवघड. गर्दी पुढे पळते आणि आपलेही पाय शिवशिवतात. पळू द्या त्यांना. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी आपण दिवसभर नांगराला जुंपतो का? चढावर हलका गिअर घ्यावा. शेजारच्याशी एक पुरे वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजावे.

भूक लागायची वाट पाहू नये. जोराचे काम दीड-दोन तास चालले की अंगातला साखरेचा साठा आटत येतो, पाय अचानक गळतात. अर्ध्या तासाने केळे, गूळ, खजूर असे थोडे थोडे पोटात जाऊ द्यावे. नवा पदार्थ त्या दिवशी खाऊन पाहू नये. पाणी तहानेप्रमाणे घोट घोट प्यावे, सोबत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. नुसतेच पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ उतरते, तेही घातक.

अपुऱ्या सरावाचा माणूस चढावर दमतो, पण पडतो मात्र उतारावर. हात थकलेले असतात, लक्ष विचलित होते. उतारावर सीटवरून उठावे, अंग मागे घ्यावे, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवावे आणि दोन्ही ब्रेक जपून दाबावेत. एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस सायकलवरून पुढे फेकला जातो. हेल्मेट तर हवेच.

छातीत दुखले, चक्कर आली, उन्हात असूनही अंगावर शिरशिरी आली, बोलणे अडखळले, तर तिथेच थांबावे आणि मदत मागावी. ताप असेल तर शर्यतीला जाऊच नये; तापात श्रम केल्याने हृदयाला इजा होऊ शकते. ठरल्या वेळेत मधल्या ठाण्यावर पोचलो नाही आणि पंचांनी थांबवले, तर हुज्जत घालू नये. लेडव्हिललाही दरवर्षी कितीतरी जण असे थांबवले जातात, आणि त्यांतले काही पुढल्या वर्षी पुन्हा येतात.

आईवडिलांनीही एक करावे. पोरगा घरी आल्यावर "कितवा आलास?" हे आधी विचारू नये. त्याला जेवू घालावे, झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून, पुढच्या हंगामात आठवड्यातल्या कोणत्या तीन सकाळी त्याला कामातून मोकळे ठेवता येईल, ते ठरवून टाकावे.