डास नव्हता, पंखा होता

परवा माळा आवरताना सीड्यांची जुनी थप्पी सापडली. त्यातल्या काहींवर माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलंय, ‘बाद’. त्या पाहिल्या आणि २००७ सालची ती घालमेल पुन्हा आठवली.

दृष्टिहीन मुलामुलींसाठी क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम आम्ही तिघी-चौघी करत होतो. आधी कॅसेटवर करायचो. मग वर्गणी काढून ड्युअल-कोर कॉम्प्युटर असेंबल करून घेतला आणि आमच्या मागच्या खोलीत मांडला. दार-खिडक्या बंद, छताचा पंखा बंद आणि पदराने घाम पुसत आमचं वाचन सुरू!

पहिल्या सीड्या ऐकून बारावीची एक मुलगी घरी आली. संकोचत म्हणाली, “काकू, वाचता छान. पण मागे तो डास गुणगुणतो ना, तासाभरात डोकं दुखायला लागतं.”

मला आधी हसूच आलं. मग हेडफोन लावून ऐकलं. खरंच की! वाक्य संपलं, मी श्वास घेतला, की मागे बारीक, चिरका ‘ईंऽऽ’ चालूच. डोळ्यांनी वाचणाऱ्यांना असल्या आवाजाचं काही वाटत नाही. तिचं मात्र सगळं पुस्तकच कानात होतं. परीक्षेला तीन महिने राहिलेले आणि इतिहासाचे पाच धडे बाद!

दुकानदार म्हणाला, “ताई, फॅन म्हटल्यावर आवाज येणारच.” पण पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हार मानली नाही. कॅबिनेटचं झाकण काढलं, वर्तमानपत्राची सुरळी केली आणि डॉक्टरांच्या नळीसारखी कानाला लावून एकेक पंखा ऐकला. प्रोसेसरवरचा मोठा पंखा नुसता घुमत होता. किंचाळत होता तो मदरबोर्डवरचा, आगपेटीएवढा चिमुकला पंखा.

“मावशी, हा चिपसेटचा पंखा,” त्याने सांगितलं. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क यांच्यातली देवाणघेवाण सांभाळणारी चिप म्हणजे चिपसेट. ती तापते म्हणून त्या काळी काही बोर्डांवर तिच्या डोक्यावर पंखा बसवत. पंखा लहान, म्हणून त्याला जोरात फिरावं लागतं. त्यात धूळ बसली, तेल सुकलं की किरकिर सुरू.

यावर उपाय म्हणजे पंखा नसलेला मदरबोर्ड. त्याच्या चिपसेटवर नुसत्या धातूच्या पात्या असतात, त्यांतून उष्णता हवेत जाते. काही बोर्डांवर तांब्याची बंद नळीही असते. तिच्यातल्या थोड्याशा द्रवाची गरम टोकाला वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते. पातेल्यावरच्या झाकणाला वाफेचं पाणी सुटतं ना, अगदी तसंच.

पण नुसतं ‘पंखा नको’ म्हणून भागत नाही. प्रोसेसर जुनाच ठेवायचा तर बोर्डाचं सॉकेट जुळायला हवं. तेवढंही पुरत नाही. इंटेलचा कोअर २ ड्युओ २००६ मध्ये आला तेव्हा सॉकेट तेच असूनही कित्येक जुन्या बोर्डांवर तो चालत नव्हता. म्हणून बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आधी बघायची. दुसरं, ग्राफिक्स बोर्डावरच असलेलं घ्यायचं. आम्हाला कुठे गेम खेळायचे होते? वेगळं कार्ड नाही म्हणजे आणखी एक पंखा नाही. तिसरं, प्रोसेसरच्या पंख्याचा वेग उष्णतेप्रमाणे कमी-जास्त करायची सोय बायोसमध्ये असावी. काम हलकं असलं की तोही हळू फिरतो.

नवा बोर्ड बसला. पाचही धडे मी पुन्हा वाचले, घसा बसला तरी. सीडी ऐकून ती मुलगी एवढंच म्हणाली, “काकू, गेला डास!”

एप्रिलमध्ये मात्र आमचा वऱ्हाडी उन्हाळा आडवा आला. कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला. चूक माझीच होती. धूळ नको म्हणून मी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात सरकवून ठेवलं होतं! पंखा नसलेल्या पात्यांनाही वारा लागतोच. प्रोसेसरच्या पंख्याचा आणि मागच्या मोठ्या पंख्याचा झोत त्यांच्यावरून जायला हवा. कॅबिनेट बाहेर काढलं, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलं, महिन्यातून एकदा वायर काढून मऊ ब्रशने धूळ झटकली. दुखणं थांबलं.

आता आम्ही मोबाइलवरही ध्वनिमुद्रण करतो. चिपसेटचं बरंचसं काम आता प्रोसेसरच करतो, त्यामुळे बहुतेक नव्या बोर्डांवर तो चिमुकला पंखा दिसत नाही. तरी गाफील राहू नका. २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या एक्स५७० चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर तो परत आला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांच्या अभ्यासासाठी नवा किंवा जुना कॉम्प्युटर घ्यायला जाल, तेव्हा दुकानातला पंखा दोन मिनिटं बंद करायला सांगा. आम्ही आमचा कॉम्प्युटर भर रस्त्यावरच्या दुकानात, गोंगाटात बघितला होता. झाकण काढायला लावा, कान द्या. दुकानदार हसला तर हसू दे. पाच धडे पुन्हा वाचण्यापेक्षा ते बरं!