चिऱ्याच्या भिंतीआड रेंज नाही? वाय-फाय कॉलिंग सुरू करा!

आमच्या कोकणातल्या घरात फोन आला की आई उचलून थेट अंगणात पळायची. जाड चिऱ्याच्या भिंती, आत रेंजची एक कांडी मिळणं मुश्किल. घरात वाय-फाय मात्र ठणठणीत! मग सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर जाऊन ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू केलं. आता ती चुलीपाशी बसून मावशीशी तासभर बोलते.

भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. वेगळं ॲप लागत नाही, नंबर तोच. आवाज टॉवरऐवजी राउटरवरून कंपनीपर्यंत जातो, तोही कूटबद्ध होऊन. समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतं.

खात्री करायची तर विमान मोड लावा, फक्त वाय-फाय चालू ठेवा आणि कॉल करा. लागला की जमलं! नाही लागला तर राउटरमध्ये कूटबद्ध कॉल पुढे जाऊ देणारी ‘आयपीसेक पासथ्रू’ ही सेटिंग बंद आहे का बघा. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आणि हो, वीज गेली की राउटर बंद. पावसाळ्याआधी त्याला छोटा यूपीएस जोडाच.