बोलकी मालमोटार आणि तिचा अबोल चालक

लातूरच्या बाजार समितीतून सोयाबीन किंवा तूर भरून मालमोटार निघाली, की एके काळी मालकाचा तिच्याशी असलेला संबंध तुटत असे. पुढची खबर लागे ती चालकाने एखाद्या ढाब्यावरून फोन केला तर, नाहीतर पोहोच पावती हाती पडल्यावर. मधला सारा व्यवहार विश्वासावर चाले. आज तीच मालमोटार ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने अहमदपूर, लोहा ओलांडून नांदेडकडे धावत असताना तिचा ठावठिकाणा पेढीवर बसल्या जागी मोबाइलवर पाहता येतो.

या विद्येला ‘टेलिमॅटिक्स’ म्हणतात. दूरसंचार आणि माहितीशास्त्र यांच्या संयोगातून बनलेला हा शब्द १९७८ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या नोरा आणि मँक यांच्या अहवालातून रूढ झाला. त्याचे तंत्र समजण्यास कठीण नाही. वाहनात बसवलेली छोटी पेटी उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरवते आणि सिमकार्डाच्या साहाय्याने ते मध्यवर्ती संगणकाकडे धाडते. इंजिनाशी जोडणी असेल तर वेग, डिझेलचा खप, अचानक लावलेले ब्रेक आणि उभ्या गाडीत उगाच चालू राहिलेले इंजिन यांचीही नोंद होते.

भारतात या बाजारपेठेला बळ मिळाले ते बऱ्याच अंशी सरकारी नियमामुळे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ‘एआयएस १४०’ या मानकानुसार स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण आवश्यक झाले. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षांना त्यातून वगळले गेले. मालवाहतुकीत टाटा मोटर्सची ‘फ्लीट एज’ आणि अशोक लेलँडची ‘आय-अलर्ट’ यांसारख्या सेवा वाहन उत्पादकांनीच पुढे आणल्या. जुन्या गाड्यांसाठी वेगळी यंत्रे विकणारेही अनेक आहेत.

दोन-चार गाड्यांच्या मालकाला याचा लाभ कोठे होतो? वाहतुकीच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. वायफळ फेरा आणि उभ्या गाडीतील इंधनाचा अपव्यय लक्षात आला, तर तो रोखता येतो. अर्धापूरच्या केळीसारख्या नाशवंत मालाला विलंब सोसत नाही. गाडी कोठे अडकली हे कळले, तर खरेदीदाराला वेळीच सावध करता येते.

परंतु या पेटीत केवळ गाडीची नव्हे, माणसाचीही नोंद होत असते. चालक कोठे थांबला, किती वेळ थांबला, हे सारे तिला ठाऊक असते. ही माहिती केवळ जाब विचारण्यासाठी वापरली, तर विश्रांती हाच अपराध ठरेल आणि झोपेने जडावलेले डोळे घेऊन माणूस रात्र कापत राहील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. ती खरोखर मिळाली की नाही, हेही तीच पेटी सांगू शकते. प्रश्न मालक काय पाहू इच्छितो याचा आहे.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी केवळ किंमत विचारून भागत नाही. दरसालचे सेवाशुल्क किती, नादुरुस्त झाल्यास नांदेड-लातुरातच दुरुस्ती होईल काय, मोबाइलची रेंज नसताना नोंदी साठवल्या जातात काय, आणि त्या नोंदी कंपनी आणखी कोणाला देणार, हे करारात लेखी असावे. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही संमत केला आहे. कोणती नोंद होते आणि ती कशासाठी वापरली जाते, हे चालकालाही आधी सांगितले जावे.

जुन्या पेढ्यांवर मुनीम आणि चालक वर्षानुवर्षे टिकत, कारण हिशेब चोख असे आणि वागणूक माणुसकीची. नव्या यंत्राने हिशेब अधिक चोख होईल. वागणुकीची जबाबदारी मात्र पूर्वीसारखीच पेढीच्या मालकावर राहील.