आधी दरवाजे, मग तट

बांधकामाचे नियोजन म्हटले की आज संगणकावरचे रंगीत तक्ते समोर येतात. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट कित्येक पिढ्या चालला, तरी त्याची रेघ तुटली नाही. सुमारे ११ किलोमीटरचा वळसा, चार दरवाजे, पाच खिडक्या. परंपरा सांगते, की पाया खांडक्या बल्लाळशहाने घातला, दरवाजे हिरशहाने उभारले आणि तट पुरा केला तो धुंड्या रामशहाने. वर्षांबाबत वाद आहेत. क्रमाबाबत फारसे नाहीत.

मला हा क्रमच महत्त्वाचा वाटतो. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. चार ठाणी पक्की झाली, की मधला तट कोणीही, कधीही, तुकड्या-तुकड्यांनी बांधावा. रेघ हलत नाही. राजा बदलला तरी नव्याने आखणी नको. (आपल्याकडे साहेब बदलला की नकाशा बदलतो!)

दुसरी गोष्ट पाण्याची. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दोहोंचा संगम शहराच्या दक्षिणेला. कोट बसवला तो या दोन नद्यांच्या मध्ये. तट शत्रूसाठी होता हे खरेच, पण पुराचे पाणीही तोच अडवतो. २००६, २०१३ आणि २०२२ च्या पुरांत इरईकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. त्यातली बरीच घरे कोटाबाहेरची, अलीकडची.

घर बांधायला निघालेल्या ओळखीच्यांना मी सांगतो, प्लॉटचा सौदा करण्याआधी भर जुलैत पठाणपुरा दरवाजाबाहेर एक चक्कर मारून या. बहुतेक जण दिवाळीनंतर जातात.