उभी गाडी का अडते?

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली. तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, ज्यांच्या अंगणात जुनी चेतक किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी होती, त्यांच्या हाती अचानक वेळच वेळ आला. पाने निघाले, आणि बहुतेकांचा पहिला मुक्काम कार्ब्युरेटरवर पडला.

कारण पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे, ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. हलके घटक आधी उडून जातात; आपल्याकडच्या मे महिन्यातल्या चाळीस अंशांत तर फारच लवकर. उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि चिकट, पिवळसर राळ तयार होते. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र जेमतेम मिलिमीटरभर, बहुधा त्याहूनही बारीक. पातळसा थर बसला तरी इंजिन उपाशी!

इथे तार खुपसण्याची घाई मला फार खटकते. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. छिद्र किंचित रुंदावले तरी पेट्रोल-हवेचे प्रमाण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून हवेचा झोत मारावा.

चेतक महिनाभर उभी राहणार असेल, तर उघड्यावर इंजिन सुरू ठेवून पेट्रोलचा कॉक बंद करा आणि ते आपोआप थांबू द्या.